त्यांना रिव्ह्यू लागत नाही

चेकआउटच्या वेळी बिलासोबत एक चिठ्ठी हातात आली. व्हिजिटिंग कार्डाएवढा कागद. एका बाजूला स्कॅन करायचा चौकोन, दुसऱ्या बाजूला निळ्या बॉलपेननं सुटंसुटं लिहिलेलं नाव. काउंटरपलीकडचा मुलगा जेमतेम चोविशीचा असेल. अंगातला कोट त्याच्या मापाचा नव्हता, बाह्या मनगटाखाली उतरत होत्या. हसून म्हणाला, "मॅडम, रिव्ह्यू टाकाल ना? पाच स्टार. आणि त्यात माझं नाव लिहा प्लीज, स्पेलिंग इथे दिलंय." मी हो म्हटलं. मुलगा खरंच चांगला होता. आल्या दिवशी खोली तयार नव्हती तेव्हा त्यानं धावपळ करून दुसरी मिळवून दिली होती. पण आदल्या रात्री बाथरूममधल्या बेसिनखालचा पाइप सुटला होता, आणि दीडच्या सुमाराला एक मध्यमवयीन गृहस्थ पान्हा आणि बादली घेऊन आले होते. गुडघ्यांवर बसून त्यांनी पाइप बसवला, कुणी न सांगता फरशी कोरडी केली, भिजलेलं पायपुसणं बादलीत टाकून नवं आणून घातलं, आणि वर आमची झोपमोड झाली म्हणून तेच ओशाळले. म्हणून चिठ्ठी घेता घेता मी विचारलं, रात्री जे आले होते त्यांचं नाव काय? मुलगा क्षणभर गोंधळला. "मेंटेनन्सवाले का? बघायला लागेल कोण होतं ते. पण मॅडम, त्यांना रिव्ह्यू लागत नाही."

पुढच्या प्रवासात खिडकीबाहेर बघण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी त्या वाक्यातच अडकून पडले. मुलगा उर्मटपणे बोलला नव्हता. त्यानं सरळ व्यवहार सांगितला होता. रिव्ह्यूत नाव आलं की त्याच्या खात्यावर काहीतरी जमा होतं, महिनाअखेरीला कुणीतरी अशी नावं मोजतं, आणि त्या मोजणीत पान्हेवाले गृहस्थ धरलेलेच नाहीत. त्यांनी पाइप चांगला बसवला काय किंवा कसाबसा बसवला काय, त्यांच्या पगारात फरक पडणार नाही. मग त्यांनी फरशी का पुसली? आणि ज्याला माझ्या चार ओळींवर पैसे मिळणार त्या मुलाचं हसू आणि त्यांचं ओशाळणं, यातलं जास्त खरं कोणतं? असले प्रश्न डोक्यात आले की मला माझाच वैताग येतो, कारण त्या मुलाच्या हसण्यावर शंका घेण्याचं काहीच कारण नव्हतं. शंका त्या चिठ्ठीनं आणली. ती हातात येईपर्यंत मी पाहुणी होते. त्यानंतर मी त्याचं अप्रेझल करणारी झाले, तेही बिनपगारी आणि अर्धवट माहितीवर.

पर्यटनाच्या धंद्यातलं हे वेगळेपण मला फार दिवस जाणवत आलंय. कारखान्यात माणसाचं काम सुपरवायझर बघतो, ऑफिसात बॉस बघतो. इथे ते गिऱ्हाईक बघतं, आणि गिऱ्हाईक एक-दोन रात्रींपुरतं असतं. त्याला पडद्यामागचं काही दिसू नये यासाठीच सगळी यंत्रणा राबत असते. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी दिसतं, त्याच्याच हातात मार्क देण्याचं काम. पूर्वी खोलीतल्या ड्रॉवरमध्ये अभिप्रायाचं कार्ड असायचं, ते भरणारा विरळा. हॉटेलांचे रिव्ह्यू लिहायची ट्रिपॲडव्हायझर ही वेबसाइट २००० साली सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ते कार्ड जगाला वाचता येऊ लागलं. मालकांना गिऱ्हाईक काय म्हणतं हे कळायला लागलं, हे चांगलंच झालं. पण जे कळतं त्यावरच बक्षीस देण्याचा मोह कुणाला आवरत नाही.

मी स्वतः काही वर्षं एका ट्रॅव्हल कंपनीच्या ऑपरेशन्समध्ये काढली आहेत. ग्रुप टूर परतली की टूर लीडर एक फुगलेलं पाकीट टेबलावर आणून ठेवायचा. आत फीडबॅक फॉर्म. ते एक्सेलमध्ये भरण्याचं काम नव्यांच्या गळ्यात पडायचं. फॉर्म शेवटच्या दिवशी, विमानतळाकडे जाताना, धावत्या बसमध्ये भरून घेतलेले असायचे, त्यामुळे अक्षर वळणावळणाला घसरलेलं. काही फॉर्मांवर तर 'उत्तम'च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ. हॉटेल, जेवण, बस, लीडर, सगळं एका फटक्यात उत्तम. मुरलेले लीडर फॉर्म वाटायच्या आधी चॉकलेटं वाटायचे, माइकवर एखादं गाणं म्हणायचे, सहलीतले गमतीचे प्रसंग आठवून बस हसती ठेवायचे, आणि मग म्हणायचे, "आता माझा इन्सेंटिव्ह तुमच्या पेनात आहे बरं का!" ज्यांना हे जमायचं नाही त्यांचे आकडे नेहमी अर्ध्या गुणानं खाली. आकडा वर गेला की पुढच्या सीझनची चांगली टूर आणि हातात थोडी रक्कम. आम्ही टेबलावर बसून सांगू शकायचो की कोणत्या लीडरनं कोणती चॉकलेटं वाटली असतील.

चॉकलेटांची ही किमया नुसती आमची कुचेष्टा नव्हती, हे मला पुष्कळ नंतर वाचनात आलं. २००२ साली अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी रेस्टॉरंटमधल्या वेटरना बिलासोबत चॉकलेटची छोटी गोळी द्यायला लावून टिप मोजली होती. काहीच दिलं नाही तेव्हा टिप बिलाच्या साधारण १९ टक्के. एक दिली तर किंचित वाढ, दोन दिल्या तर आणखी. सगळ्यात जास्त, म्हणजे जवळजवळ २३ टक्के, कधी? वेटरनं एक गोळी दिली, जायला निघाला, आणि मागे वळून "तुम्हाला आणखी एक" म्हणून दुसरी ठेवली तेव्हा. दोन्ही प्रकारांत गोळ्या दोनच, फरक फक्त त्या मागे वळण्याचा. या प्रयोगातले एक संशोधक, कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन, यांनी टिपेवर आयुष्यभर काम केलंय. सेवेचा दर्जा आणि टिपेचा आकडा यांचा संबंध त्यांना इतका क्षीण आढळला की टिप कमी-जास्त होण्यातला जेमतेम २ टक्के भाग चांगल्या-वाईट सेवेनं समजावता येतो. बाकीचं बिल किती झालं, गिऱ्हाईक कोण आहे, त्याचा मूड कसा आहे, अशा गोष्टींवर. तरीही सगळं जग टिपेला चांगल्या कामाचं बक्षीस समजून चाललेलं आहे, आणि अमेरिकेचा कायदा तर त्या समजुतीवर माणसाचा पगार कापू देतो. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं द्यायचा किमान दर तिथे केंद्रीय कायद्यानं तासाला २.१३ डॉलर आहे, आणि तो १९९१ पासून हललेला नाही. उरलेलं टिपेतून भरून निघेल अशी अपेक्षा. नाही निघालं तर मालकानं भरायचं, पण ते मागायला जाणार कोण?

आमच्या त्या फीडबॅक फॉर्मच्या अगदी तळाशी ड्रायव्हरसाठी एक ओळ असायची. बहुतेकदा ती कोरीच. एका युरोप टूरच्या फॉर्मांवर मात्र ती खच्चून भरलेली आली. 'अडेल.' 'उद्धट.' 'पुन्हा हा ड्रायव्हर नको.' एका आजोबांनी तर मागच्या पानावर अर्धं पान लिहिलं होतं. लीडरला विचारलं तर प्रकरण असं की साडेचार तास गाडी चालवून झाल्यावर ड्रायव्हरनं महामार्गावरच्या थांब्यावर बस उभी केली आणि ४५ मिनिटं झाल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावणार नाही म्हणाला. ग्रुपची तळ्यातली शेवटची बोट चुकली. विनवण्या झाल्या, आवाज चढले, वर्गणी काढून पैसेही पुढे केले गेले. तो खाली उतरून टायर बघत राहिला. युरोपीय संघाचा २००६ चा नियमच तसा आहे. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला ९ तास गाडी, आठवड्यातून फार तर दोनदा १०. गाडीतल्या टॅकोग्राफवर सगळं नोंदलं जातं आणि पकडलं गेलं तर दंड होतो. हा नियम का झाला असेल हे समजायला पेंगुळलेल्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकदा बसावं लागतं. एक्सेलच्या तक्त्यात मी त्याच्या नावापुढे पाचपैकी १.८ भरले. त्या अख्ख्या टूरमध्ये सगळ्यात नीट काम केलेल्या माणसाचे ते मार्क होते, आणि शेरा लिहायला त्या तक्त्यात रकाना नव्हता.

अशा कामाचं करायचं काय?

या धंद्यातलं निम्मं काम हे काहीतरी न घडू देण्याचं काम आहे. बस दरीत गेली नाही, अन्नातून बाधा झाली नाही, चादरीवर आदल्या पाहुण्याची खूण राहिली नाही, लिफ्ट अडकली नाही. न घडलेल्याचा फोटो कुणी काढत नाही. हाउसकीपिंगच्या बायकांना आठ तासांच्या पाळीत १४ ते १६ खोल्या, असा हिशेब मोठ्या हॉटेलांमध्ये सर्रास असतो. म्हणजे खोलीमागे अर्धा तास. त्यात गादी उचलून चादरीचे चार कोपरे खाली दुमडायचे, बाथरूम घासून कोरडं करायचं, आरशावरचे थेंब पुसायचे, गालिच्यावरून मशीन फिरवायचं, आणि खोलीत आपण येऊन गेलो याचा मागमूस उरू द्यायचा नाही. ज्या कामाची खरी परीक्षा ते करणारी व्यक्ती दिसू नये ही आहे, त्याला टिप कोण देणार? २०१४ मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीनं अमेरिका-कॅनडातल्या खोल्यांमध्ये साफसफाई करणाऱ्यांसाठी टिपेची पाकिटं ठेवायला सुरुवात केली. हेतू चांगला असेलही. पण लगेच प्रश्न आला की या बायकांची एवढी कदर आहे तर पाकीट पाहुण्यापुढे कशाला ठेवता, पगारात घाला. मला दोन्ही बाजू पटल्या आणि दोन्हींनी समाधान झालं नाही. पाकीट नसताना मी उशीजवळ पैसे ठेवून गेले की ते तिच्यासाठी आहेत की विसरलेत या भीतीनं कित्येक जणी हात लावत नाहीत, हेही मला ठाऊक आहे. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून ठरल्यापेक्षा जास्त खोल्या केल्या तर खोलीमागे जादा पैसे देतात. मग खोल्या वाढतात, अर्ध्या तासाची वीस मिनिटं होतात, आणि पाठदुखी तिच्या घरी जाते.

चिठ्ठीवरचं ते सुटंसुटं नाव आठवलं की मला अमेरिकेतल्या पुलमन गाड्यांवरचे पोर्टर आठवतात. यादवी युद्धानंतर जॉर्ज पुलमननं रेल्वेचे आलिशान झोपायचे डबे काढले आणि त्यात सेवेला मुद्दाम गुलामीतून नुकतेच सुटलेले काळे पुरुष घेतले. पगार तुटपुंजा, बाकी टिपेवर. महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरावे लागत. गाडी सुटण्याआधी डबा लावायचा, प्रवासी चढवायचे, तो वेळ पगारात धरत नसत. प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारायचे, मालकाच्या नावावरून, जसं गुलामाला धन्याचं नाव लावत. टिप हवी तर हसून ओ द्यायची. गुलामी संपवणाऱ्या लिंकनचा मुलगा रॉबर्ट पुढे याच कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि १९१५ मध्ये सरकारी आयोगापुढे त्याला या पगारांबद्दल उत्तरं द्यावी लागली. १९२६ मध्ये कंपनीनं डब्यात पोर्टरच्या नावाची पाटी लावायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की १२,००० पोर्टर आणि वेटरांमध्ये खरे जॉर्ज फक्त ३६२. त्याच्या आदल्याच वर्षी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांची संघटना उभी राहिली होती. तिची मागणी टिप वाढवा अशी नव्हती. टिपेवर जगावं लागू नये एवढा पगार द्या, अशी होती. करार व्हायला १९३७ उजाडलं. त्यात महिन्याचे तास ४०० वरून २४० वर आले. बारा वर्षांच्या भांडणाचं हे फळ आणि त्यात 'प्रेरणा' हा विषय कुठेच नाही. तास आणि पगार, एवढंच.

आमच्या ऑफिसात सेल्सच्या मजल्यावर एक पांढरा बोर्ड होता. प्रत्येकाच्या नावापुढे महिन्याचं टार्गेट, झालेलं बुकिंग, आणि लाल मार्करनं 'ॲड-ऑन': विमा, ऐच्छिक सहली, रूम अपग्रेड. इन्सेंटिव्ह बोर्डावरच्या आकड्यावर. माझी एक मैत्रीण त्या बोर्डावर कायम मधल्या फळीत. एकदा एक वयस्क जोडपं उंचावरच्या प्रदेशातल्या टूरचं बुकिंग करायला आलं. पैसे तयार, चेकबुक उघडलेलं. बोलता बोलता काकांनी जिना चढल्यावर धाप लागते म्हणून सांगितलं. हिनं पेन खाली ठेवलं, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि अर्धा तास खपून त्यांना सांगितलं की काका, आधी डॉक्टरांना विचारा. नाहीतर मी तुम्हाला समुद्राकडची सहल सुचवते. ते विचार करतो म्हणून गेले ते परत आले नाहीत. त्या महिन्यात तिचं टार्गेट एका बुकिंगनं हुकलं. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, त्यांना काही झालं असतं तर तो फोन पण मलाच आला असता." मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं मान डोलावली, आणि बोर्डावरचा आकडा आहे तसा राहू दिला. त्याच्या हातात तरी काय होतं? त्याचंही टार्गेट दुसऱ्या कुठल्यातरी बोर्डावर लिहिलेलं असणार.

उंचीचा विषय निघाला म्हणून सांगते, एव्हरेस्टवर गिऱ्हाइकांसोबत जाणाऱ्या शेर्पांना ठरलेल्या पैशांशिवाय 'समिट बोनस' देण्याची पद्धत आहे. गिऱ्हाईक माथ्यावर पोचलं तर बोनस. ऐकायला रास्त वाटतं, मेहनतीचं फळ. पण ८,००० मीटरच्या वर, ढग चढत असताना, माथा तासाभराच्या अंतरावर दिसत असताना, 'आता मागे फिरू' हे सांगणं हेच वाटाड्याचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं काम. बोनसनं त्या एका वाक्याची किंमत त्याच्या खिशातून वळती करून घेतली. गिऱ्हाइकानंही आयुष्याची पुंजी ओतलेली असते, तेही मागे फिरायला तयार नसतं. सल्ला देणारा आणि ऐकणारा दोघांनाही एकाच दिशेला ओढलं जातं. तरी शेर्पा माणसांना मागे फिरवतात, बोनस सोडून फिरवतात, आणि त्या बातम्या होत नाहीत. खालच्या ट्रेकिंगच्या वाटांवर याची उलटी तऱ्हा उघडकीला आली. गरज नसताना ट्रेकरना हेलिकॉप्टरनं खाली आणायचं, विमा कंपनीकडून बिल वसूल करायचं, आणि मधल्या साखळीत कमिशन वाटून घ्यायचं, अशा तक्रारी इतक्या झाल्या की २०१८ मध्ये नेपाळ सरकारला चौकशी करावी लागली. वर बोनस माणसाला पुढे ढकलतो, खाली कमिशन त्याला उचलून आणतं. त्याच्या तब्येतीशी दोन्हींचा संबंध नाही.

चीनमध्ये हे प्रकरण कुठल्या टोकाला गेलं होतं ते वाचून मी थक्क झाले होते. 'शून्य शुल्क' सहली. प्रवाशाकडून खर्चाएवढेही पैसे घ्यायचे नाहीत. गाइडला पगार नाही. उलट काही ठिकाणी ग्रुप मिळवायला गाइडच कंपनीला माणशी पैसे भरायचा. मग वसुली दुकानांतून. जेडचे दागिने, औषधी मुळ्या, रेशीम, प्रत्येक खरेदीवर गाइडला कमिशन. देवळापुढे वीस मिनिटं आणि दुकानात दोन तास. २०१३ च्या १ ऑक्टोबरला लागू झालेल्या पर्यटन कायद्यानं अवाजवी कमी दराच्या सहली आणि खरेदीतून मलिदा खाणं दोन्हींवर बंदी घातली, आणि फसलेल्या प्रवाशाला सहल संपल्यावर ३० दिवसांत वस्तू परत करून पैसे मागण्याचा हक्क दिला. तरी २०१५ मध्ये युन्नान प्रांतातल्या एका गाइडचा व्हिडिओ फिरलाच. बसमधल्या लोकांनी पुरेशी खरेदी केली नाही म्हणून ती त्यांना झाडत होती. तिचा परवाना गेला. मी तो व्हिडिओ पाहिला तेव्हा आधी राग आला, मग तिच्या आवाजातला चिरकेपणा लक्षात आला. ती रागावलेली कमी आणि घाबरलेली जास्त वाटली. पगारच नसलेल्या माणसाकडून चांगल्या वागणुकीची अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

आता कुणी म्हणेल, मग इन्सेंटिव्ह बंदच करा. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. मलाही सीझन संपताना मिळालेलं पाकीट आठवतं. रक्कम फार नव्हती, पण ते उघडताना वाटलेली धडधड महिन्याच्या पगारानं कधी वाटली नाही. कुणीतरी आपल्याकडे बघितलं, ही भावना नोटांपेक्षा मोठी असते. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या इंजिनीअर आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून मांडलं होतं की कमी पगार माणसाला नाराज करतो, पण भरपूर पगार त्याला कामात रमवेलच असं नाही; रमवतं ते काम स्वतः, जबाबदारी आणि कुणीतरी घेतलेली दखल. मॅनेजमेंटच्या वर्गांत हे इतकं घोकवतात की ऐकून कान किटतात. शिवाय त्याचा सोयीस्कर अर्थ काढणारे मालकही भेटतात: पैशानं माणूस खूश होत नाही ना, मग 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'ची फ्रेम लावा आणि पगार आहे तिथेच ठेवा. पहिली अट पुरी केल्याशिवाय दुसरीकडे उडी मारता येत नाही, हे हर्झबर्गच्याच मांडणीत आहे, पण तेवढं पान नेमकं गळतं.

न्यूयॉर्कच्या डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप काढून टाकायला सुरुवात केली. पदार्थांचे दर वाढवले आणि त्यातून भटारखान्यातल्या लोकांचे पगार सुधारले, कारण टिप बाहेरच्या वेटरना मिळते आणि आत घाम गाळणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही, हे त्यांना खटकत होतं. कल्पना सुरेख. पण जास्त टिप मिळवणारे बरेच वेटर सोडून गेले, मेनूवरचे वाढीव आकडे गिऱ्हाइकांना टोचले, आणि २०२० मध्ये महामारीच्या तडाख्यात त्यांनी टिप परत आणली. मला या माणसाबद्दल आदर आहे, आणि सोडून गेलेल्या वेटरांबद्दल जराही राग नाही. भाडं भरायचं असतं. रिट्झ-कार्लटन या आलिशान हॉटेलांच्या साखळीचं उदाहरण लोक नेहमी देतात, की तिथे कुठलाही कर्मचारी पाहुण्याची अडचण सोडवायला मॅनेजरला न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. मला त्यातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही. ती रक्कम कर्मचाऱ्याच्या खिशात जात नाही, तरी तिचा कामावर परिणाम होतो, ही गोष्ट मला विचारात पाडते. तुझ्या अकलेवर भरवसा आहे, असं कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. पान्हेवाल्या गृहस्थांना मध्यरात्री नवं पायपुसणं काढायला कुणाची परवानगी लागली असेल का, कोण जाणे. चिठ्ठीवरच्या मुलाचा रिव्ह्यू मी लिहिला, त्याचं नाव घातलं, आणि पाइपाचीही हकिगत लिहिली. ती कुणाच्या खात्यावर जमा झाली असेल याची मला कल्पना नाही.

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदा लागू झालाय, की टिप आणि सर्व्हिस चार्ज यातला पैसा मालकाला ठेवून घेता येणार नाही, सगळा कामगारांना गेला पाहिजे, आणि वाटप न्याय्य असलं पाहिजे. न्याय्य म्हणजे कसं, हे जिथलं तिथे ठरवायचं. सेल्सच्या बोर्डवाली माझी मैत्रीण आता एक लहानसं हॉटेल सांभाळते, आणि कायदा नसतानाही तिनं हा उद्योग आपण होऊन अंगावर घेतलाय. सर्व्हिस चार्जचा सगळा पैसा एकत्र, आणि प्रत्येकाला पॉइंट. फ्रंट ऑफिस एक, वेटर एक, आचारी एक, हाउसकीपिंग एक, लॉन्ड्री पाऊण. पहिल्या महिन्यात वेटर चिडले, कारण त्यांचं घटलं. दुसऱ्या महिन्यात लॉन्ड्रीवाल्या आल्या, की चादर आमची पांढरी म्हणून खोलीला पाच स्टार, मग आम्ही पाऊण का? परवा फोनवर मी विचारलं, मग काय केलंस? "अगं, काय करणार! त्यांना एक केला. तर आता रात्रपाळीचा वॉचमन येऊन उभा राहिलाय, त्याला मी अर्धाच धरला होता. म्हणतो, ताई, रात्री काही होत नाही म्हणून अर्धा, की मी असतो म्हणून काही होत नाही?" तिला उत्तर सुचलेलं नव्हतं. वेटरांचा मुकादम मात्र म्हणत होता की झोपा काढायला पॉइंट कशाला. सोमवारी सगळ्यांची मीटिंग ठेवली आहे.